बाकावरून दिसलेली मायानगरी

आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून आम्ही दोघी बाकावर बसलो. बरोबरची मुलं आणि त्यांचे आईबाप मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत गेले होते, ते तासाभराच्या आत परतणार नव्हते. एवढं तिकीट काढून थीम पार्कात यायचं आणि नुसतं बसून राहायचं, याची मला हळहळ वाटत होती. आईला तसं काही वाटत नव्हतं. ती इकडेतिकडे बघत राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, "अगं, इथं म्हातारं माणूस दमणार, हे कुणीतरी आधीच ध्यानात घेतलं होतं बघ."

मग मीही बघायला लागले. बाक सावलीत होता आणि ती सावली भर दुपारची होती. म्हणजे झाड लावतानाच ऊन कुठून येणार याचा विचार झाला असणार. पाठ टेकायला जागा होती, उठताना रेटा द्यायला दोन्ही बाजूंना हात होते. बाकाचं तोंड जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडे होतं, त्यामुळे बसलेल्याला कंटाळा येत नव्हता. पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृहाची पाटी बसल्या जागेवरून दिसत होती. समोर झाडणारा मुलगा एका सुकल्या पानासाठीही थांबत होता.

त्या दिवसापर्यंत थीम पार्क या प्रकाराबद्दल माझं मत ठरलेलं होतं. खोटे डोंगर, खोटे राजवाडे, प्लास्टरची खोटी दगडी भिंत आणि तिच्यावर रंगानं काढलेलं खोटं शेवाळ. हे सगळं माणसाला खऱ्या जगापासून तोडतं, असं मी वाचलं होतं आणि मला ते पटलंही होतं. आईच्या त्या एका वाक्यानं मत बदललं असं नाही, पण ते हललं. नंतरची काही वर्षं मी या जागांविषयी जे मिळेल ते वाचत आले आणि वाचता वाचता एका बाकापाशीच येऊन पोचले.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात एक जुना मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्नी आपल्या दोन मुलींना सुटीच्या दिवशी तिथं न्यायचे. मुली लाकडी घोड्यांवर बसायच्या आणि वडील बाकावर बसून त्यांची वाट बघायचे. मुलांना आणि मोठ्यांना मिळून रमता येईल अशी जागा का असू नये, हा विचार आपल्या मनात त्या बाकावर आला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथं, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर, डिस्नीलँड उघडलं. पहिल्या दिवशी ऊन इतकं होतं की ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप नुकताच मिटला होता, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं ही दोन्ही कामं पुरी होण्याइतका वेळ उरला नव्हता. डिस्नींनी स्वच्छतागृहं निवडली. नंतर वर्तमानपत्रांनी बरीच टीका केली, पण मला तो निर्णय फार आवडतो. मायानगरी उभारणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी परीकथा बाजूला ठेवून माणसाच्या देहाचा विचार करावा लागला, आणि त्यानं तो केला.

मराठीत आपण सोंग आणि ढोंग हे शब्द जोडीनं वापरतो. झोपेचं सोंग घेतलं म्हणताना तर सोंगही फसवणुकीकडे झुकतं. पण 'सोंग वठवणं' यातलं जे सोंग आहे, ते वेगळं. ते घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि बघणाऱ्यालाही. दोघांचा त्यात करार असतो: आत्तापुरता हा राजा, आत्तापुरती ही रात्र. ढोंगात मात्र ठाऊक एकालाच असतं. थीम पार्कांचा समाजावर आणि नगररचनेवर काय परिणाम झाला, हे समजून घ्यायला मला या दोन शब्दांइतकं उपयोगाचं दुसरं काही सापडलं नाही. फाटकाच्या आत जे चालतं ते सोंग. तीच कला फाटक ओलांडून बाहेर आली की तिचं काय होतं, हा प्रश्न.

डिस्नीलँडचा किल्ला घ्या. जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन या राजवाड्यावरून तो सुचला. आपण म्हणतो, तो खरा आणि हा नकली. पण नॉयश्वानस्टाइन तरी कसा बांधला गेला? बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानं १८६९ साली त्याचं काम सुरू केलं, तेव्हा मध्ययुग संपून कित्येक शतकं लोटली होती. त्याची पहिली चित्रं काढली ती ख्रिस्तियान यांक यानं, म्हणजे नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंतानं. राजा १८८६ साली वारला आणि काही आठवड्यांतच राजवाडा तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली. म्हणजे ज्याला मूळ म्हणायचं, तेही सोंगच होतं. हे वाचलं तेव्हा 'खरं' आणि 'नकली' अशी सरळ वाटणी करायचं धाडस माझं गेलं.

करमणुकीच्या जागेनं खऱ्या शहराला वळण लावणं हेही डिस्नीच्या कितीतरी आधीचं आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली एक पांढरंशुभ्र नगर उभं राहिलं. भव्य खांब, घुमट, कालवे, रात्री विजेचे दिवे. जवळून पाहिलं तर बरंचसं काम प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांच्या मिश्रणाचं, काही महिने टिकेल एवढंच. शेजारच्या पट्ट्यात करमणुकीचे खेळ होते आणि जॉर्ज फेरिस यांचा २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा होता, ज्याच्या ३६ डब्यांत एका वेळी दोन हजारांवर माणसं बसत. ते नगर पाहून परतलेल्या लोकांना आपली शहरं एकाएकी घाण आणि बेशिस्त दिसायला लागली. 'सुंदर शहर' चळवळीला तिथून जोर आला आणि १९०९ साली बर्नहॅम यांनीच शिकागो शहराचा आराखडा केला. प्रदर्शनाच्या बांधकामावर राबलेल्या सुतारांमध्ये एलायस डिस्नी नावाचा एक माणूस होता. वॉल्टचा बाप. मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता.

पण या सगळ्या इतिहासात मला जी गोष्ट सोडत नाही ती न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडची आहे. समुद्रकाठच्या त्या जत्रेत १९०३ साली लूना पार्क उघडलं. मनोरे, मिनार, अडीच लाख विजेचे दिवे. ज्या काळी बहुसंख्य घरांत वीज नव्हती, त्या काळी. आणि या लखलखाटात, खेळांच्या आणि झुल्यांच्या शेजारी, एका इमारतीत अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांमध्ये ठेवलेली असत. बाहेर माणूस ओरडून गिऱ्हाईक बोलावत असे. लोक तिकीट काढून आत जात, मुठीएवढ्या बाळांकडे बघत आणि बाहेर येत.

आधी वाचलं तेव्हा किळस आली. मग पुढचं वाचलं. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी काही सोयच नव्हती, ती दगावणार असंच धरून चालत. मार्टिन कूनी नावाचा एक माणूस हा प्रयोग चालवत होता. तिकिटाच्या पैशातून तो परिचारिकांचे पगार, दूध आणि यंत्रं चालवायचा. बाळाच्या आईबापांकडून पैसे घ्यायचा नाही. कोनी आयलंडवर हे १९४३ पर्यंत चाललं आणि त्याच्या हाताखालून सुमारे साडेसहा हजार बाळं वाचली असं मानलं जातं. १९११ साली शेजारच्या ड्रीमलँड पार्काला आग लागली, तेव्हा तिथली बाळंही सुखरूप बाहेर काढली गेली. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या या कूनीकडे वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा मात्र कुणाला सापडलेला नाही.

आता याला काय म्हणायचं? माणूस ढोंगी आणि बाळं खरी. मी याच्यावर पुष्कळ विचार केला आणि अजूनही त्याला कुठल्या खणात ठेवावं ते मला कळत नाही. एवढं कळतं की दया आणि तमाशा इतके एकमेकांत मिसळलेले मी दुसरीकडे वाचलेले नाहीत, आणि त्या पेट्यांतून वाचलेल्या मुलांना पुढे नातवंडं झाली.

डिस्नीलँड ज्यांनी रचलं त्यांतले बरेच जण सिनेमासाठी देखावे उभारणारे होते. वास्तुरचनाकाराला इमारत कशी दिसेल याची काळजी असते. यांना माणूस चालत गेला की कुठल्या पावलाला काय दिसेल याची काळजी होती. प्रवेशाच्या रस्त्यावरच्या घरांचे वरचे मजले त्यांनी मुद्दाम लहान केले, म्हणजे इमारती उंचही वाटतात आणि छाती दडपवतही नाहीत. रस्त्याच्या टोकाला किल्ला ठेवला. तो दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात, बाणाची पाटी लागत नाही. किल्ला खरं तर ७७ फुटांचाच आहे. पार्काभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे बाहेरचा रस्ता आणि विजेच्या तारा नजरेला पडू नयेत. जे झाकायचं त्या भिंती, खांब, दारं एका फिकट हिरवट-करड्या रंगानं रंगवली. तो रंग डोळा बघतो आणि पुढे जातो.

नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग या पार्कानं तर कचरापेटीलाच तोंड दिलं. १९५९ पासून तिथं एक खादाड गलेलठ्ठ माणूस बसलेला आहे, जो 'कागद इकडे' म्हणून हाका मारतो आणि तोंडाशी नेलेला कागद ओढून घेतो. मुलं त्याला भरवायला कागद शोधत फिरतात. 'कचरा टाकू नये' ही पाटी जगात किती ठिकाणी लागली असेल आणि किती जणांनी ती मानली असेल! इथं कुणी आज्ञा केली नाही, मुलाच्या स्वभावाला वाट करून दिली.

आणि रांग. मला वाटतं थीम पार्कांनी जगाला दिलेली सर्वांत मोठी वस्तू रोलर कोस्टर नव्हे, ही वळणावळणाची रांग आहे. तिचा शोध त्यांनीच लावला असं मी म्हणत नाही, पण तिचा अभ्यास त्यांनी केला. सरळ रांगेत पुढच्यांच्या पाठी दिसतात. नागमोडी रांगेत दर वळणावर समोरून येणारे चेहरे दिसतात, आपण हलतोय असं वाटतं, आणि एकूण लांबी किती ते कळत नाही. पुढे त्यांनी राइडची गोष्ट रांगेतच सुरू करून टाकली. एखादी खोली, एखादं जुनं पत्र, भिंतीआडून येणारा आवाज. किती वेळ लागेल तो आकडा सुरुवातीलाच लिहून ठेवला, कारण माणूस थांबण्यापेक्षा किती थांबायचं हे न कळण्यानं जास्त कावतो. विमानतळावर, बँकेत, दवाखान्यात आपण आज ज्या रीतीनं थांबतो, तिच्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

१९६३ साली हार्वर्डमधल्या एका परिषदेत बांधकाम व्यावसायिक जेम्स राऊस यांनी नगररचनाकारांसमोर सांगितलं, की आज अमेरिकेतली नगररचनेची सर्वांत मोठी कृती म्हणजे डिस्नीलँड. तज्ज्ञांसमोर हे बोलायला धैर्य लागलं असेल. राऊस नुसते बोलले नाहीत. बॉस्टनमधल्या जुन्या फॅन्युइल हॉल बाजाराचं त्यांनी १९७६ साली पुनरुज्जीवन केलं. पडझडीला आलेल्या दगडी इमारती साफ झाल्या, दिवे लागले, मोटारी हटल्या, लोक चालायला आले. जुनी वखार, जुना धक्का, जुना बाजार असा सजवून परत उघडण्याची लाट नंतर कितीतरी शहरांत पोचली. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. पडून जाणाऱ्या इमारती वाचल्या, आणि संध्याकाळी बायकामुलांना निर्धास्त चालता येईल असे रस्ते मिळाले. पण त्यांतल्या पुष्कळ जागी चौक दिसायला सगळ्यांचा असतो आणि मालकी खाजगी असते. कोणी बसावं, कोणी गावं, कोणी फलक घेऊन उभं राहावं, हे मालक ठरवतो. सोंग आहे हे सांगणारं फाटकच तिथं नसतं. करार होतच नाही. माझ्या मनात ढोंग सुरू होतं ते इथं.

उलटही घडतं. रुग्णालयात एमआरआयच्या यंत्रात जायला लहान मुलं घाबरतात, रडतात, आणि पुष्कळदा त्यांना गुंगीचं औषध द्यावं लागतं. जीई हेल्थकेअरचे डिझायनर डग डीट्झ यांनी आपण घडवलेल्या यंत्रासमोर एका मुलीला असं रडताना पाहिलं. नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला आणि खोलीला चाच्यांच्या जहाजाचं, अंतराळयानाचं रूप दिलं. धडधड आवाज हा गोष्टीचा भाग केला, निश्चल पडून राहणं हा खेळाचा नियम केला. गुंगी द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या खूप घटली. मुलाला ठाऊक असतं की हा दवाखाना आहे. तरी ते करारात सामील होतं. थीम पार्कानं शिकवलेली सगळी विद्या एका घाबरलेल्या जिवासाठी वापरलेली पाहिली की मला त्या विद्येविषयी आदरच वाटतो.

आपली एक म्हण आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. चार्ल्स मूर या अमेरिकन वास्तुरचनाकारानं १९६५ साली डिस्नीलँडवर लिहिताना हीच नस पकडली. कॅलिफोर्नियात आता सार्वजनिक आयुष्याचा अनुभव हवा असेल तर त्याचं तिकीट काढावं लागतं, अशी त्याची मांडणी होती. त्यानं पार्काची टर उडवली नाही. गर्दीत मिसळायची, चालायची, बघायची, बघितलं जायची जी भूक शहर भागवत नाही, ती इथं भागते हे त्यानं ओळखलं. पण फाटक ते फाटक.

आणि फाटक नेहमी पैशासाठीच बंद असतं असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक करमणूक पार्कांत कृष्णवर्णीयांना कित्येक दशकं प्रवेश नव्हता. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कात १९६० च्या उन्हाळ्यात विद्यार्थी मेरी-गो-राउंडच्या घोड्यांवर जाऊन बसले, त्यांना अटक झाली, कित्येक आठवडे निदर्शनं चालली, आणि पुढच्या वर्षी ते पार्क सर्वांना खुलं झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा प्रसंग सांगितला आहे. टीव्हीवर फनटाउन या करमणूक पार्काची जाहिरात लागते, ती विचारते मला का जाता येत नाही, आणि उत्तर देताना बापाची जीभ अडखळते. एवढ्या मोठ्या लढ्याचं गाऱ्हाणं मांडताना त्यांना पाळण्या-झुल्यांचं पार्क आठवलं. खेळायला न मिळणं ही लहानशी गोष्ट आहे, असं मी त्यानंतर कधी म्हटलेलं नाही.

आत गेल्यावर निदान रांगेत तरी सगळे सारखे, हे एक समाधान होतं. डिस्नीनं १९९९ साली फास्टपास आणला, तोही फुकट होता. वेळ घ्या आणि नंतर या. फ्लोरिडात २०२१ साली त्याच्या जागी पैसे भरून पुढे जायची सोय आली. मला वाटतं याचा परिणाम नव्या राइडपेक्षा खोलवर होतो. आपली मुलं तिथं काय शिकतात, तर रांग ही गरिबांसाठी असते.

वॉल्ट डिस्नींना शेवटी शेवटी पार्काचा कंटाळा आला होता की काय, अशी मला शंका येते. १९६६ साली त्यांनी एपकॉट या नावानं खरं शहर वसवायचा आराखडा मांडला: वीस हजारांची वस्ती, मोटारी जमिनीखाली, माणसं वर. त्याच डिसेंबरात ते गेले. १९८२ साली त्या नावानं जे उघडलं ते शहर नव्हतं, आणखी एक पार्क होतं. गावाच्या कल्पनेतून त्याच कंपनीनं पुढे फ्लोरिडात सेलिब्रेशन नावाचं गाव वसवलं, जिथं १९९६ साली लोक राहायला आले. पार्कातून संध्याकाळी बाहेर पडता येतं. घरातून कसं पडायचं?

आमच्या त्या दुपारी समोर झाडणाऱ्या मुलाकडे आईचं बारीक लक्ष होतं. तो येणाऱ्या प्रत्येक मुलाला हात करायचा, हसायचा. मग तो एका हिरवट दारातून आत जाऊ लागला. ते दार तिथं आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं. दार लोटताना क्षणभर त्याचा चेहरा उतरला, नुसता दमलेला, दुसरं काही नाही. डिस्नीनं फ्लोरिडाच्या पार्काखाली कर्मचाऱ्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या, आणि कर्मचाऱ्यांना 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटक मंडळीतले नट, असं नाव दिलं. रंगभूमीवर विंग असतेच, त्यात गैर काही नाही. पण नटाला टाळ्या मिळतात. "सकाळपासून उभा आहे तो," आई म्हणाली. "त्याच्यासाठी कुठं बाक दिसत नाही."

मुलं आली, ओली आणि आनंदी. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं होतो. दिवे लागले तेव्हा आईनं लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून किल्ल्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. तिला तो खोटा आहे हे कळत होतं आणि त्यानं तिचं काही अडत नव्हतं.

बाहेर पडलो. फाटकापासून वीसेक पावलांवर संगीत विरलं. गाडी यायला वेळ होता आणि थांब्यावर बसायला जागा नव्हती, एक तिरका लोखंडी नळा होता, फक्त टेकण्यापुरता. त्यावर कुणी आडवं होऊ नये म्हणून तो तसा बसवतात. माणूस कुठं दमतो हे ओळखणाऱ्याच कुणीतरी तो घडवला असणार. आई टेकली, घसरली, पुन्हा टेकली. मग मी माझी पिशवी पायरीच्या कडेवर ठेवली आणि ती तिच्यावर बसली, गुडघे हातांनी धरून.

"पाणी कुठं मिळेल गं?" तिनं विचारलं.

"इथून दिसत नाही," मी म्हटलं आणि शोधायला निघाले.